नगरच्या किल्ल्यातली दिनचर्या



पत्रिकेवर आजचा विषय 'ताणतणाव आणि निरोगी सवयी' असा छापला आहे. या विषयावर बोलायला सहसा डॉक्टर येतात आणि ते काय सांगणार हे आपल्याला पाठ असतं. पहाटे उठा, चाला, रात्रीचं जेवण लवकर घ्या, मोबाइल उशाला ठेवू नका. सगळं खरं आहे. पण आम्ही पडलो इतिहासाचे विद्यार्थी. आमच्याकडे पथ्याची यादी नाही, जुनी उदाहरणं आहेत. त्यातलं एक आपल्याच गावातलं आहे, भिंगारकडे जाताना जो भुईकोट किल्ला लागतो त्याच्या आतलं. तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, आणि आपल्या बोलण्यात नुसतं नगर. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत या किल्ल्यात देशातली बारा मोठी माणसं कोंडलेली होती. त्यांनी तिथे लिहिलेल्या पुस्तकांबद्दल खूप बोललं गेलं आहे. ते उठत कधी, खात काय, हातांना काम काय देत, याबद्दल कमी बोललं जातं. आज आपण तेच बघू.

आधी एका शब्दाबद्दल. 'ताण' हा आपला जुना शब्द आहे, पण तो दोरीचा, तारेचा. माणसाच्या मनाला आपण पूर्वी ताण आला असं म्हणत नव्हतो. काळजी लागायची, घोर लागायचा, विवंचना असायची, धास्ती बसायची. प्रत्येक शब्दाची छटा वेगळी. घोर रात्रीचा असतो, विवंचना पैशाची असते. १९३६ साली हान्स सेली या संशोधकाचं एक छोटं टिपण 'नेचर' या नियतकालिकात आलं. निरनिराळ्या त्रासांना शरीर एकाच ठरावीक पद्धतीने प्रतिसाद देतं, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे त्यातून 'स्ट्रेस' हा शब्द वैद्यकात रुळला आणि आपण त्याचा 'ताण' केला. म्हणजे १९४२ च्या किल्ल्यात हा शब्द या अर्थाने कोणाच्या तोंडी नव्हता. 'दिनचर्या' मात्र होता, आणि तो फार जुना आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येवर अख्खा एक अध्याय आहे, अगदी ग्रंथाच्या सुरुवातीलाच. रोगांची चर्चा नंतर येते, दिवस कसा घालवायचा ते आधी येतं.

तर ८ ऑगस्ट १९४२. मुंबईत गोवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. रात्री मंडळी उशिरा झोपली आणि पहाटे पोलीस दारात. व्हिक्टोरिया टर्मिनसवरून खास गाडी सुटली. गांधीजी आणि त्यांच्याबरोबरच्या काहींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं. कार्यकारिणीच्या सदस्यांना घेऊन गाडी पुढे नगरला आली. स्टेशनवरून मोटारीने थेट किल्ल्यात. कुठे नेलं आहे हे सरकारने जाहीर केलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत वर्तमानपत्र नाही, पत्र नाही. बाहेर देश पेटलेला आणि आत त्याची बातमी नाही.

किल्ल्याला कैद्यांची सवय होती म्हणा. बोअर युद्धात पकडलेले लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आणून ठेवले होते. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांची छावणी नगरलाच होती. पुढे तिबेटमध्ये सात वर्षं काढणारा हाइनरिश हारर आधी इथेच होता, मग देहरादूनला गेला. आणि त्याहून मागे जायचं तर चांदबिबी आहेच. मौलाना आझादांना नगरचा हा सगळा इतिहास पाठ होता. किल्ल्याच्या तुरुंगाधिकाऱ्याचं त्यांनी चांदबिबीच्या काळातल्या एका पात्रावरून 'चीता खान' असं नाव ठेवलं. बाकीच्यांनीही ते उचललं.

आता ही बारा माणसं कोण? काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. वयं बघा. पटेल सदुसष्टीला आलेले, पट्टाभि एकसष्ट, आझाद त्रेपन्न, नेहरू बावन्न. पटेलांना आतड्याचा जुना विकार, नरेंद्र देवांना दमा. म्हणजे ही तरणीताठी फौज नव्हती. गंमत अशी, की खुद्द नगरचे अच्युतराव पटवर्धन त्या वेळी भूमिगत होऊन हिंडत होते. नगरचा माणूस बाहेर आणि बाहेरचे नगरच्या किल्ल्यात!

त्यांच्यावरचा ताण कसला होता हे नीट समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मारहाण नव्हती, दगड फोडणं नव्हतं. खटला चालला नव्हता, म्हणून शिक्षाही ठरलेली नव्हती. शिक्षा झालेला कैदी भिंतीवर रेघा मारून दिवस मोजतो, इतके गेले, इतके उरले. इथे 'उरले' हा आकडाच नाही. युद्ध संपेल तेव्हा, किंवा सरकारला वाटेल तेव्हा. शिवाय ज्या आंदोलनाची हाक आपण दिली त्यात बाहेर माणसं मरताहेत आणि आपण इथे बसलो आहोत. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं, तेव्हा ते वाचतील की नाही याची रोज धाकधूक. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं गेली. हे सगळं वर्तमानपत्रातून कळायचं आणि करता काही येत नव्हतं. आमच्या मते हातून काही होऊ न शकणं हाच त्या कैदेतला मोठा भार होता.

अशा माणसांनी पहिल्याच संध्याकाळी काय केलं? जेवण लोखंडी थाळ्यांत आलं. आझादांनी तुरुंगाधिकाऱ्याला सांगितलं, आम्हाला चिनी मातीच्या बशांत जेवायची सवय आहे. अधिकाऱ्याने दिलगिरी व्यक्त केली आणि जेवणाची भांडी मागवली. हे वाचून काही जण म्हणतात, बघा, जेलमध्येही थाट! आम्हाला तसं वाटत नाही. बशी कसली आहे यावर पोट भरणं अवलंबून नसतं, पण आपण कोण आहोत हे रोज दोनदा आठवतं. स्वयंपाकीही बदलावा लागला. पहिला पुण्याच्या तुरुंगातून आणला होता, त्याच्या हाताला चव नव्हती.

मग बाग. ही गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

खोल्यांच्या मधोमध मोकळं आवार होतं, पण जमीन भिकार. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या पहिल्याच प्रकरणात त्या मातीचं वर्णन केलं आहे. दगडगोट्यांनी भरलेली, जुन्या बांधकामांचा राडारोडा मिसळलेली. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या जागेवर परसबाग करायला गेलेल्या कोणालाही ती माती ओळखीची वाटेल. पुण्याहून फुलझाडांचं बी मागवलं. नेहरू कुदळ घेऊन भर उन्हात तासन् तास वाफे खणत. खणता खणता जुन्या भिंती लागत, घुमटांचे भाग लागत. फार खोल जायला परवानगी नव्हती. पुरातत्त्वाचं उत्खनन करायला त्यांना तिथे ठेवलं नव्हतंच! नेहरू लिहितात, की एकदा भिंतीत कोरलेलं सुंदर कमळ सापडलं. जो माणूस पुढे त्याच ठिकाणी हिंदुस्थानच्या इतिहासाचं पुस्तक लिहिणार होता, त्याची कुदळ आधी तिथल्या इतिहासाला लागली.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती तारीख. 'डिस्कव्हरी' लिहायला नेहरूंनी सुरुवात केली एप्रिल १९४४ मध्ये, म्हणजे किल्ल्यात येऊन वीस महिने झाल्यावर. एप्रिल ते सप्टेंबर, पाच महिन्यांत हाताने लिहिलेली सुमारे हजार पानं झाली. लोकांना ते पाच महिने दिसतात. त्याआधीच्या वीस महिन्यांत काय होतं? खणणं, वाफ्यांना पाणी, वाचन, सूत, व्यायाम, झोप. आम्ही असं म्हणत नाही, की वाफे खणल्यामुळे पुस्तक झालं. इतकी सोपी गोष्ट असती तर नगर जिल्ह्यात घरटी एक ग्रंथकार निघाला असता. (हशा) पण वीस महिने ज्याचा दिवस मोडला नाही, त्यालाच नंतर बैठक मारून हजार पानं लिहिता आली, एवढं तर दिसतंच.

व्यायामाचं म्हणाल तर नेहरूंना शीर्षासनाचा नाद जुना. आपल्या आत्मचरित्रात ते मिस्कीलपणे सांगतात, की डोकं खाली पाय वर अशा त्या अवताराने मन जरा खेळकर होतं आणि जगाचा लहरीपणा थोडा सुसह्य वाटतो. योगाचे फायदे मोठमोठ्या शब्दांत सांगणाऱ्यांना हे साधं कारण सुचत नाही. स्वतःला हास्यास्पद स्थितीत बघणं हाही एक उतारा आहे. नगरची कैद ही त्यांची नववी. म्हणजे ही शिस्त इथे येऊन लागलेली नव्हती, आधीच्या आठ वेळा घोटलेली होती. तुम्ही-आम्ही काय करतो? छातीत धडधडायला लागलं की चालायला जातो. सवय मात्र संकटाच्या आधीची असली तर उपयोगी पडते, ऐन वेळी आणलेली औषधासारखी कडू लागते.

आता मौलानांकडे येऊ. किल्ल्यात असताना त्यांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहिली. पत्रं बाहेर जाणार नव्हती, हे लिहिताना माहीत होतं. तरी लिहिली, आणि १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती छापून आली. उर्दूतलं ते फार नावाजलेलं पुस्तक आहे. त्यात एके ठिकाणी मौलाना हिशेब मांडतात, की आतापर्यंतच्या आयुष्याचा सातवा हिस्सा तुरुंगात गेला. म्हणजे आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा मिळाला म्हणायचा!

मौलानांचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू व्हायचा. सगळा किल्ला झोपलेला. ते स्वतः उठून स्वतःच्या हाताने चहा करायचे. चिनी पांढरा जास्मिन चहा, दुधाशिवाय. दूध-साखर घालून उकळलेल्या आपल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते, तो एक प्रकारचा पातळ हलवा आहे असं त्यांचं म्हणणं. नगरच्या माणसाला हे पटणं कठीण आहे, पण असू द्या. पहाटेच्या त्या चहाला त्यांनी जवळजवळ पूजेची जागा दिली होती. घोट घोट घेत लिहायचं. लढाईच्या दिवसांत तो चहा मिळणं अवघड झालं, तेव्हा त्याचं दुःखही त्यांनी तितक्याच तपशिलाने लिहिलं. मुद्दा चहाच्या जातीचा नाही. चोवीस तासांतला तो एक तास पहारेकऱ्याने दिलेला नव्हता, त्यांनी स्वतः काढलेला होता.

आणि चिमण्या. मौलानांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर काड्या, पिसं, कचरा खाली. आधी मौलानांनी युद्ध पुकारलं. छत्री घेऊन मागे लागले. चिमण्या बाहेर जायच्या आणि हे टेकले की परत हजर. शेवटी मौलानांनी तह केला. तांदळाचे दाणे टाकायला लागले, आधी लांब, मग जवळ, मग अगदी शेजारी. होता होता चिमण्या निर्धास्त त्यांच्या अंगाखांद्यावर यायला लागल्या. एकीचं नाव मोती, एका चिमण्याचं कलंदर. राष्ट्राचा अध्यक्ष हलायचा नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा, कारण चिमणी बिचकेल. आजकाल ध्यानाचे वर्ग लागतात, पैसे भरून, आणि तिथे सांगतात स्थिर बसा, श्वासाकडे लक्ष द्या. मौलानांना ते चिमण्यांनी फुकट शिकवलं.

वाचन-लेखन सगळ्यांचंच चाललं होतं. नरेंद्र देव दम्याने बेजार असतानाही बौद्ध तत्त्वज्ञानातल्या 'अभिधर्मकोशा'च्या अनुवादात गढलेले. महताब ओडिशाच्या इतिहासावर, घोष प्राचीन भारतीय संस्कृतीवर, पट्टाभि आपल्या 'फेदर्स अँड स्टोन्स' या पुस्तकावर काम करत होते. नेहरूंनी प्रस्तावनेत मोजून सांगितलं आहे, की या बारा जणांत हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी आणि उडिया अशा जिवंत भाषा होत्या, शिवाय संस्कृत, पाली, अरबी, फारसी. एवढी भाषिक श्रीमंती नगरच्या एका आवारात एकाच वेळी नंतर कधी आली असेल असं वाटत नाही.

पण हे चित्र फार गोडगोड करू नये. बारा माणसं, एकच आवार, रोज तेच चेहरे. खटके उडायचेच. 'छोडो भारत'ची वेळ बरोबर होती का, यावर आतमध्ये गंभीर मतभेद होते. पटेल, कृपलानी, देव एका बाजूचे, तर आझादांना पहिल्यापासून शंका. नेहरूंच्या तुरुंगातल्या डायरीत सोबत्यांबद्दलच्या कुरबुरीही आहेत. नियमित जगणारी माणसं चिडत नाहीत असा आपला समज असतो. ही माणसं चिडत होती. दुसऱ्या दिवशी बागेला पाणी घालायची वेळ झाली की मात्र त्याच आवारात उतरत होती.

आता एप्रिल १९४३. आमच्या दृष्टीने या सगळ्या गोष्टीचा कस इथे लागतो.

मौलानांच्या पत्नी जुलैखा बेगम कलकत्त्याला होत्या. आजाराची बातमी आली, मग वाढल्याची, मग आशा सोडल्याची. तुरुंगाधिकारी येऊन म्हणाला, सरकारकडे काही विनंती करायची असेल तर सांगा, मी ताबडतोब पाठवतो. मौलानांनी नकार दिला. सरकारकडे मला काहीही मागायचं नाही. आणि त्यांनी ठरवलं, की दिनक्रमात तसूभर फरक पडू द्यायचा नाही. उठायची वेळ तीच, चहा तोच, जेवायला सगळ्यांबरोबर बसायचं तेही तसंच.

त्या दिवसांबद्दलचं त्यांचं पत्र ११ एप्रिलचं आहे. फार प्रामाणिक पत्र आहे ते. दुपारी वर्तमानपत्र यायची वेळ झाली, की बाहेर पावलं वाजायची. त्या आवाजासरशी काळीज धडधडायचं, पेपरमध्ये काय असेल या भीतीने. उठून हिसकावून घ्यावासा वाटायचा. पण ते पाठ वळवून बसलेले असायचे, तसेच बसून राहायचे, लिहीत असले तर लिहीत राहायचे, आणि नेहमी जितक्या सावकाश पेपर घ्यायचे तितक्याच सावकाश घ्यायचे. पुढे ते स्वतःच कबूल करतात, की ही शांती खरी नव्हती, तो देखावा होता. मनाचा ताठा हे सोंग वठवत होता. वरून स्थिर आणि आतून उलथापालथ.

९ एप्रिलला तार आली. जुलैखा बेगम गेल्या होत्या.

किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. कोणाची, कोणाला ठाऊक नाही. इतके महिने मौलाना तिच्याकडे बघत आले होते. आता ती कबर आपल्याशी नव्याने ओळख काढते आहे असं त्यांना वाटायला लागलं. पुढे तीनेक महिन्यांनी त्यांच्या बहीण, आबरू बेगम, भोपाळला वारल्या.

इथे टिळकांची आठवण येणं साहजिक आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१० च्या हिवाळ्यात 'गीतारहस्या'चा खर्डा पेन्सिलीने लिहिला गेला, मधुमेहामुळे खाण्यावर कडक पथ्य होतं, आणि १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. दोन माणसं, दोन धर्म, तीस वर्षांचं अंतर, आणि दुःख झेलायची रीत एकच. वेळापत्रक मोडायचं नाही.

पण हे थोर उदाहरण म्हणून सांगून आम्हाला थांबायचं नाही, कारण मौलानांनीच पुढचं सांगितलं आहे. 'इंडिया विन्स फ्रीडम' या आत्मकथनात ते म्हणतात, की अटक झाली तेव्हा माझं वजन १७० पौंड होतं आणि नगरहून हलवलं तेव्हा १३० पौंड. भूक मेली होती, अन्न जात नव्हतं. चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो झाले. पहाटेचा चहा चुकला नाही, पत्रं चुकली नाहीत, बाग होती, चिमण्या होत्या, सोबत होती, आणि तरी शरीरातून अठरा किलो गेले.

निरोगी सवयींवरची व्याख्यानं हा भाग सांगत नाहीत. सवयी लावल्या की ताण जातो, असं वचन दिलं जातं. मग एखादी बाई रोज पाच किलोमीटर चालते, वेळेवर झोपते, तरी तिचं दुःख कमी होत नाही, आणि तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. मौलानांचं काय चुकलं होतं? काही नाही. बायको गेली होती आणि तिला शेवटचं बघताही आलं नाही, हे चहाने आणि बागकामाने भरून निघत नाही. त्यांची दिनचर्या दुःख घालवण्यासाठी नव्हतीच. दुःखासकट सकाळी उठता यावं, आणि ज्याने कोंडलं त्याच्यापुढे हात पसरावा लागू नये, एवढंच काम ती करत होती. आम्ही तर म्हणू, की तोंडावर शांती आणि आत वादळ हे फार काळ चाललं तर शरीर त्याची किंमत वसूल करतं. मौलानांनी दुःख कोणाला दाखवलं नाही, कागदाला मात्र सांगितलं. ते पत्र लिहिलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार करून बघावा.

दुसरी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या बारा जणांना दिनचर्या ठरवता आली, कारण त्यांचा वेळ त्यांच्याकडे होता. स्थानबद्ध होते, पण सक्तमजुरी नव्हती. याच जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यात विसापूर आहे. तिथल्या तुरुंगात १९३० नंतरच्या सविनय कायदेभंगाच्या काळात शेकडो सत्याग्रही ठेवले होते. 'क' वर्गाच्या कैद्याला उठायची वेळ, काम, खाणं, सगळं घंटेवर. त्याने कुठला पहाटेचा चहा करायचा आणि कुठली बाग फुलवायची? विसापूरबद्दल नगरच्या किल्ल्याइतकं लिहिलं गेलं नाही, याचं कारणही बहुधा तेच. लिहायला वेळ लागतो, कागद लागतो, दिवा लागतो.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. आजही पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दिवाळीच्या सुमारास माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. तिथे पहाट कारखान्याच्या वेळापत्रकाने होते. गाडी भरायला रात्री दोनला बोलावलं तर रात्री दोनला उठायचं. त्या बाईला जाऊन आठ तास झोप आणि सकाळी योगासनं सांगायची? तिच्या चालण्याला, वाकण्याला तर कमतरताच नाही. ती दिवसभर तेच करते. मग व्यायामाने ताण जातो हे तिच्या बाबतीत का खरं ठरत नाही? मेहनत तितकीच आहे, किंबहुना नेहरूंपेक्षा कितीतरी जास्त. पण नेहरूंनी कुदळ स्वतः उचलली होती आणि वाटेल तेव्हा ठेवू शकत होते. तोडणीची उचल घेतलेल्या माणसाला कोयता ठेवता येत नाही. जिल्ह्यात ताणाबद्दल खरंच काही करायचं असेल तर बोलणं तिथून, म्हणजे उचल, मुकादम आणि कामाचे तास यांच्यापासून सुरू करावं लागेल. आहाराचे तक्ते नंतर वाटता येतील.

ज्यांच्या हातात दिवसाचा थोडा भाग तरी आहे, म्हणजे या सभागृहातल्या बहुतेकांच्या, त्यांनी किल्ल्यातून काय उचलावं? आम्हाला विचाराल तर त्या बारा जणांत एकाचीही दिनचर्या दुसऱ्यासारखी नव्हती. मौलाना तीनला उठत म्हणून बाकीच्यांनी उठावं असा आग्रह त्यांनी धरला नाही, उलट ते एकांताचा आनंद घेत. नेहरू घाम गाळत, काही जण सूत कातत. आपल्याकडे मात्र सवयींची सक्ती होते. घरात एकाने पहाटे उठायचं ठरवलं की सगळ्या घराची झोप जाते.

१९४५ च्या मार्च-एप्रिलमध्ये या मंडळींना एकेक करून आपापल्या प्रांतांत हलवलं. नेहरूंनी आपलं पुस्तक या सोबत्यांना अर्पण केलं, त्यात ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ अशा तारखा घातल्या आहेत. मोजले तर साडेनऊशेहून जास्त दिवस भरतात. त्यांची खोली अजून जपलेली आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे बघायला जाणार असाल तर प्रवेशाची चौकशी आधी करून जा.

मौलानांना बंगालमध्ये बांकुड्याला नेलं आणि जूनमध्ये सोडलं. कलकत्त्याला हावडा स्टेशनवर त्यांना घ्यायला अफाट गर्दी होती. मोटार हारांनी भरली. पूल ओलांडताना त्यांना आठवलं, की तीन वर्षांपूर्वी मुंबईला निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत निरोप द्यायला आली होती. त्यांनी सोबत्यांना सांगितलं, गाडी वळवा, घरी नंतर जाऊ. कबरस्तानात गेले. गाडीतल्या हारांपैकी एक उचलून तिच्या कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा म्हटला.